सोनकांबळे सरांचं ग्राफिक्स कार्ड

सोनकांबळे सरांना "चहा घेता का कॉफी?" असं विचारायचं नाही, हे आमच्या क्लासमध्ये शिपाईमामांपासून डायरेक्टर सरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलंच तर दोन्ही गार व्हायचं. सर चष्मा कपाळावर चढवायचे, छताकडं बघायचे आणि सुरू व्हायचे. "चहानं पित्त होतंय. कॉफीनं झोप उडती. बिनसाखरेचं जात न्हाई, साखरेचं नको म्हणलंय डॉक्टरनं. राहू द्या मामा, पाणीच आणा." मग पाणी माठातलं का कूलरचं, हा निकाल मामा स्वतःच द्यायचे आणि पेला टेबलावर आपटून निघून जायचे.

मी मूळची मुखेडची. बॉटनी शिकवते. तोंडानं फटकळ आहे, ते लपवून उपयोग नाही, दोन वाक्यांत कळतंच. आता नांदेडला असते, पण त्याआधी बरीच वर्षं लातूरच्या एका क्लासमध्ये होते आणि तिथं सर फिजिक्सला होते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, आणि घरंही एकाच गल्लीत. त्यामुळं हा माणूस मला दिवसभर पुरायचा आणि घरी गेल्यावर उरायचाही.

उंच, किडकिडीत, खांद्यात जरा वाकलेले. शर्ट कायम आकाशी. मी एकदा विचारलं, "सर, तुमच्याकडं एकच शर्ट हाय का हो?" तर म्हणाले, "न्हाई म्याडम, बारा हायत. दुकानात रंग निवडायला उभारलो, दोन तास गेले, शेवटी दुकानदार बेजार झाला आणि त्यानंच अख्खा तागा बांधून दिला." क्लासमध्ये पांढरे बोर्ड येऊन जमाना झाला होता, तरी सरांच्या डाव्या खिशात खडू असायचाच. खिशाला कायम पांढरं लागलेलं. मार्कर का खडू, हाही त्यांचा बहुतेक सुटायचा राहिलेला प्रश्न असावा.

तर असा हा माणूस. आणि लातूर म्हणजे त्या वर्षांत काय होतं म्हणता! जून लागला की स्टँडवर गाद्यांच्या वळकट्या आणि पत्र्याच्या पेट्याच दिसायच्या. निलंग्याहून, मुखेडहून, कुठून कुठून आईबाप पोरं घेऊन यायचे. गल्लीगल्लीत होस्टेल, होस्टेलखाली खानावळ, खानावळीच्या वर पहिल्या आलेल्या पोरांचे खिडकीएवढे फोटो. सगळ्या गावाला एकच ध्यास, पोरगं डॉक्टर करायचं. आणि त्या पोरांच्या तोंडी सगळ्यात जास्त नाव सरांचं.

कारण सरांची पद्धत. नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, पेपरात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर आलं तर मार्क मिळतात, चुकलं तर मिळालेल्यातला कापतात, सोडलं तर काही नाही. सर बोर्डावर चार पर्याय लिहायचे आणि बरोबर उत्तराला कधीच टिक करायचे नाहीत. हा का चूक, तो का चूक, असं करत तीन खोडायचे. मग मागं सरकून चौथ्याकडं संशयानं बघायचे. "आता हे राहिलं म्हणून बरोबरच असंल, असं समजू नका पोरांनो. राहिलंय, एवढंच." आणि पोरं खदाखदा हसली की बोट वर करून म्हणायचे, "खोडा. खोडता येत न्हाई? सोडा. चुकलं तर मायनस हाय. सोडलं तर शून्य हाय. शून्य म्हणजे तोटा न्हाई." पोरं त्यांना 'खोडा-सोडा सर' म्हणायची. त्या पद्धतीनं किती पोरांची लाज राखली, ते पोरांनाच विचारा. पेपरात ती पद्धत सोन्यासारखी होती. पण सर पेपर संपल्यावरही तीच वापरायचे, तिथं घोळ होता.

एकदा निकालानंतर डायरेक्टर सरांनी आम्हा सगळ्यांना औसा रोडच्या एका ढाब्यावर जेवायला नेलं. वेटरनं सरांच्या हातात मेनूकार्ड दिलं, इथंच तो चुकला. सरांनी खिशातून पेन काढलं. पनीर खोडलं, कारण जड. शेवभाजी खोडली, कारण तेलाचा तवंग. वांगं खोडलं, कारण मागं एकदा बाधलं होतं. आमचं जेवण उरकून बडीशेप आली तेव्हा सर शेवटच्या पानावर होते. खाल्ला दहीभात, तोही वेटरनं आपल्या मनानं आणला. वर मलाच म्हणतात, "बरं झालं की म्याडम, काही बाधलं न्हाई." मी म्हटलं, "खाल्लंच न्हाई तर बाधंल कसं?" ते हसले. त्यांना चिडवलेलं चालायचं, हे त्यांचं मोठेपण.

पण सगळं हसण्यावारी जायचं नाही. निलंग्याकडचे एक गृहस्थ आले होते एकदा, धोतरातले. पोराचा निकाल हातात. "सर, अजून एक वर्ष बसवू का पोराला? का द्यावं सोडून? तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा." सरांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी बसवण्याचे तोटे सांगितले, न बसवण्याचे सांगितले, आणि तो बिचारा बाप आला होता त्याहून जास्त गोंधळून उठला. सर त्याच्यापुढं हात जोडून म्हणाले, "हे एवढं मला विचारू नका हो. पाया पडतो." त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

मग त्यांनी काय केलं, तर त्या माणसाची पिशवी आपल्या हातात घेतली आणि त्याला स्टँडवर सोडायला गेले. माझीही मुखेडची गाडी होती, म्हणून मी सोबत. तिथं मात्र सर वेगळेच. निलंग्याची गाडी लागलेली, भरलेली. तो माणूस म्हणाला, "मागच्या गाडीनं जातो, ही लई भरली." सर एकदम कडक. "न्हाई. समोर लागलेली गाडी सोडायची न्हाई. चढा." अक्षरशः ढकलून चढवलं त्याला. मला नवल वाटलं. चहा का कॉफी कळत नाही, आणि गाडीचं एवढं पक्कं! मीही "मला घाई न्हाई सर, मागून येईल दुसरी" म्हणत होते, तर माझीही पिशवी खिडकीतून आत. मी मनात म्हटलं, विक्षिप्तपणाचा आणखी एक नमुना. आणि विसरून गेले.

सरांना एकच मुलगी, प्रज्ञा. माझ्याकडंच बॉटनी शिकली. हुशार होती पण वहीच्या मागच्या पानांवर जास्त हुशार होती. तिथं तिनं डोंगर, किल्ले, चिलखत घातलेल्या बायका, असलं काय काय काढलेलं असायचं. तिला खेळ बनवायचे होते. कम्प्युटरवरचे. मी आधी समजले नुसते खेळायचे आहेत, तर म्हणाली, "न्हाई म्याडम, खेळायचे पण आणि बनवायचे पण. बनवायचं तर आधी खेळून बघावं लागतं की." घरी सरांचा प्रश्नपत्रिका टाईप करायचा जुना कम्प्युटर होता. त्यावर एकदा तिनं मला दाखवलं. माणूस पळायला लागला की मध्येच थांबायचा, पुन्हा चार पावलं पुढं, पुन्हा थांबायचा. "बघा म्याडम," ती म्हणाली, "ह्याला ग्राफिक्स कार्डच न्हाई. चित्रं काढायचं काम त्या कार्डाचं असतं. ते नसलं की असं होतं." मला त्या थांबून थांबून पळणाऱ्या माणसाची कीवच आली.

नीट तिनं दोनदा दिली. दुसऱ्या खेपेला सरांनी तिला शब्द दिला होता, "तू मन लावून पेपर दे. मार्क किती का पडंनात, गेमिंगचा कम्प्युटर मी घेऊन देतो." तिनं मन लावून दिला. मार्क पडायचे तेवढेच पडले. पोरगी रडली नाही. निकालाच्या दिवशी बापाला म्हणाली, "पप्पा, डॉक्टर मी होत न्हाई. पण तुमचा शब्द हाय." सर मान डोलवून म्हणाले, "हाव. शब्द हाय." तिनं इथंच बीएस्सीला नाव घातलं. घरी बसून, व्हिडिओ बघून खेळ बनवायचं शिकणार होती. कम्प्युटर तेवढा यायचा बाकी होता.

दुकानात जायला सरांनी मला सोबत घेतलं, का तर मी घासाघीस चांगली करते. प्रज्ञा होतीच. दुकानदार बालाजी म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी, डॉक्टर न झालेला. त्यानं खुर्च्या मांडल्या. "सर, गेमिंगची मशीन म्हणजे सगळं ह्या कार्डावर. एकदा तुम्ही कार्ड सांगा, त्याच्या हिशोबानं पॉवर सप्लाय, कॅबिनेटचा डबा, स्क्रीन, बाकीचं मी जुळवून देतो." असं म्हणून त्यानं काचेच्या काउंटरवर एकापाठोपाठ एक खोकी मांडली. चार.

चार खोकी बघितली आणि मी खुर्चीत मागं टेकून बसले. सरांचे डोळे चमकले होते. हात आपोआप डाव्या खिशाकडं गेला.

पहिलं कार्ड लहान, चार जीबीचं. "हे दोन वर्षांत जुनं होईल. मग पोरगी म्हणंल, पप्पांनी लहान घेतलं." खिशातून खडू निघाला आणि खोक्यावर फुली. बालाजी ओरडलाच, "सर, खोक्यावर नका हो, कंपनीवाले वापस घेत न्हाईत!" दुसरं सहा जीबीचं. "हे मधलं. ना इकडं ना तिकडं." तिसरं मोठं, दोन पंख्यांचं. "हे लई तापतं. आपल्याकडं एप्रिलमध्ये माणसं तापतेत, ह्याचं काय होईल? आणि लाईट कमीजास्त झाली की उडालं." चौथं वापरलेलं, स्वस्तातलं. "कुणी कसं राबवलंय काय माहीत." बाकीची खोकी बालाजीनं मागं ओढून घेतली होती, म्हणून त्यांच्यावर हवेतच फुल्या पडल्या.

बालाजी हात पुसत म्हणाला, "मग काय देऊ सर?"

सर खडू बोटांत फिरवत राहिले. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, मधलं घेऊ. सहा जीबीचं. मी सगळं वाचलंय, आपल्याला पुरतंय."

"नक्की?" सरांनी विचारलं. रागानं नाही हो, अगदी मऊ आवाजात. "कशावरून? चुकलं तर?"

आता एकोणीस वर्षांच्या पोरीनं काय सांगावं? ती म्हणाली, "चुकलं तर चुकलं पप्पा. कार्डच हाय." आणि सर तिच्याकडं असे बघत राहिले, जणू तिनं काही भलतंच म्हटलं. मग खडू खिशात ठेवून म्हणाले, "आज सोडू. पुन्हा येऊ."

पुन्हा येऊ, पुन्हा येऊ करत आम्ही किती वेळा गेलो! स्टाफरूममध्ये सर मोबाइलवर कार्डांचीच माहिती वाचायचे. लाल खोक्याच्या कंपनीचं घ्यावं का हिरव्या खोक्याच्या, आत्ता घ्यावं का नवं यायची वाट बघावी. तासाला निघाले की मला सांगायचे, "म्याडम, मोठ्या कार्डाचं मनात हाय. डबा मोठा घेतला तर तापायचा प्रश्न सुटतोय." तासावरून परत आले की, "पण डबा मोठा घेतला तर धूळ लई." मी म्हणायचे, "सर, घ्या हो एकदाचं! पोरगी म्हातारी होईल." ते ओशाळून हसायचे. प्रज्ञा आधी रोज विचारायची, मग आठवड्यानं विचारायला लागली. एक दिवस म्हणाली, "कोणतंही घ्या पप्पा." त्यावर सर दुखावले. "कोणतंही म्हणजे? कोणतंही कसं घेऊ तुझ्यासाठी?" त्यानंतर तिनं विचारणंच सोडलं.

आणि तेवढ्यात बाजारातून कार्डंच गायब व्हायला लागली. बालाजीनं सांगितलं, कम्प्युटरवर कसलंसं नवं चलन काढतात म्हणे, त्याला ही कार्डं लागतात, पोती भरून नेतात लोक. मोठं गेलं, मधलं गेलं, ते वापरलेलंसुद्धा गेलं. मी कामाला नांदेडला निघाले होते तेव्हा सरही माझ्यासोबत आले. तिथली दुकानं पायाखाली घातली. सगळीकडं नकार. सर एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "जे खोडलं होतं तेच मागून राहिलो म्याडम. तेही मिळंना." मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

परत आल्यावर प्रज्ञानं शांतपणे सांगितलं, "पप्पा, पुण्यात एक कोर्स हाय खेळ बनवायचा. माझी मैत्रीण तिथंच हाय, तिच्या रूमवर जागा हाय. दिवाळीपर्यंत कम्प्युटर आला तर मी इथंच राहीन, तुमच्याजवळ. न्हाई आला तर जाईन." पोरगी दुष्ट नव्हती. तिला खरंच इथं राहायचं होतं. आईबापाला एकटी, घराची माया असलेली. आणि सरांचा तर जीव होता तिच्यात. ती कॉलेजातून यायला जरा उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी उभे. ती गेली तर हा माणूस काय करेल, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

त्या रविवारी मी तणतणत त्यांच्या घरी गेले. सर बाहेर गेले होते. सरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, मेथी निवडत बसलेल्या. मी चौकटीतूनच सुरुवात केली. "वहिनी, माफ करा, पण असा कसा हो माणूस! एक कार्ड घेता येईना? पोरगी हातची चाललीय आणि हे तापतं का आणि धूळ बसते का करत बसलेत!"

वहिनींनी मला आत बोलावलं. मेथीची जुडी पुढं सरकवली. मीही निवडायला लागले. मग त्या खाली बघत बोलल्या.

"ते आधी असे नव्हते म्हणं. सासूबाई सांगायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी. ते बीएस्सीला होते, इथंच, खोली करून. गाव आमचं औशाच्या पलीकडं. गणपती विसर्जनाच्या दिवशी गावी गेले होते. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं वापस निघाले. धाकटा भाऊ होता त्यांचा, मिलिंद. दहावीला. त्याला दहावीची पुस्तकं घ्यायला लातूरला यायचं होतं. गाडीपाशी आला पिशवी घेऊन. म्हणाला, दादा, आत्ताच्या गाडीनं येऊ का उद्या सकाळच्या?"

वहिनींनी मेथीची एक काडी मोडली. मला पुढचं कळलं होतं, मी हात जोडून म्हणायला पाहिजे होतं की नका सांगू. जमलं नाही.

"हे म्हणाले, आत्ताची गाडी विसर्जनाच्या गर्दीनं भरलीय, सकाळच्या गाडीनं ये. चटकन म्हणाले. त्यात विचार काय करायचाय? तो पिशवी घेऊन माघारी गेला. आणि पहाटे..."

पहाटे काय झालं, ते आमच्या भागात कुणाला सांगायला लागत नाही. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड छत, माळवद. सकाळची गाडी त्या गावाला गेलीच नाही. जायला गावच नव्हतं.

"प्रज्ञाला ठाऊक हाय?" मी विचारलं.

"काका होते, भूकंपात गेले, एवढंच. गाडीचं न्हाई. मलाही त्यांनी कधी सांगितलं न्हाई. तुम्हीही सांगू नका."

आता हे ऐकून सगळं उलगडलं, असं कुणी म्हणेल. मला काहीही उलगडलं नाही. उलट माझं तोंडच बंद झालं. आधी निदान मी त्यांच्यावर ओरडत तरी होते. आता स्टाफरूममध्ये ते कार्डाचं बोलायला लागले की मी मान हलवायची आणि बाहेर बघायची. काय सांगणार? घ्या म्हणू? कुठलं? चुकलं तर? फटकळ माणसाची जीभ गेली की त्याच्याकडं उरतं काय! पोरीला जाऊन सांगावं असं शंभरदा वाटलं, आणि वहिनींचा मेथीवरचा हात आठवून गप्प बसले. दिवाळी आली, गेली. प्रज्ञानं बॅग भरली.

मीही दुसऱ्याच दिवशी नांदेडच्या क्लासला रुजू व्हायला निघाले, त्यामुळं सरांचं मला शेवटचं दर्शन झालं ते लातूरच्या स्टँडवर, प्रज्ञाला पोचवायला गेलो तेव्हा. संध्याकाळची पुण्याची गाडी फलाटाला लागलेली. वहिनी, प्रज्ञा आणि मी. सरांचा पत्ता नाही. दुपारपासून गायब. वहिनी पदरानं तोंड पुसत होत्या. प्रज्ञा म्हणत होती, "येत न्हाईत ते मम्मी. त्यांना बघवणार न्हाई."

आणि सर आले. पळत. आकाशी शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कापडी पिशवी. धापा टाकत त्यांनी पिशवीतून खोकं काढलं आणि पोरीच्या हातात ठेवलं. ग्राफिक्स कार्डाचं खोकं. चार जीबीचं, लहान. कोपऱ्यावर खडूची फुली. जरा पुसट झालेली, पण होती. बालाजीच्या दुकानात तेवढं एकच उरलं होतं. त्या चलनवाल्यांना एवढं लहान नको होतं, आणि फुलीमुळं कंपनी वापस घेत नव्हती.

"एकच होतं," सर माझ्याकडं बघून म्हणाले. "खोडायला दुसरं काहीच नव्हतं म्याडम." आणि बाहीनं ती फुली पुसायला लागले. पुसली जात नव्हती.

प्रज्ञानं खोकं छातीशी धरलं. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. "चालतंय पप्पा! लहान हाय, पण चालतंय. मस्त चालतंय. पण नुसतं कार्ड कशाला लावू मी?"

"बाकीचं बालाजी देतो म्हणालाय. कार्ड ठरलं की बाकीचं सोपंय."

तिनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा आईकडं. मला कळलं. वहिनींना कळलं. शेजारी केळी विकणाऱ्या बाईलासुद्धा कळलं असेल की ह्या पोरीला आता जायचं नाही. तिला फक्त बापानं म्हणायला हवं होतं. पण ती त्यांचीच लेक. सरळ कशी विचारणार? लाडानं, मान वाकडी करून तिनं विचारलं,

"मग पप्पा, आत्ताच्या गाडीनं जाऊ का उद्या सकाळच्या?"

वहिनींनी माझा दंड धरला. इतका घट्ट धरला की नखं रुतली.

सर उंच होते, वाकलेले. ते ताठ झाले. चष्मा कपाळावर चढवला नाही, वर बघितलं नाही, काही खोडलं नाही. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, त्या माणसानं असं चटकन उत्तर दिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आत्ताच्या. आत्ताच्याच जा. चढ."

पोरीचं तोंड बघवलं नाही. "पप्पा, मी थांबले तर..." ती म्हणत होती, तोवर सरांनी तिची बॅग उचलून दारात ठेवली होती. "समोर लागलेली गाडी सोडायची न्हाई. चढ बेटा. चढ लवकर." ते तिला खांद्याला धरून ढकलत होते, जणू मागून काही कोसळत येत होतं. ती चढली. तिला वाटलं, बापानं शब्द पाळला आणि मोकळा झाला. तसंच वाटलं असणार तिला. मी तिथं उभी होते, मला सगळं ठाऊक होतं, तोंड उघडायचा अवकाश होता, आणि वहिनी माझा दंड सोडत नव्हत्या.

खिडकीची जागा मिळाली तिला. मांडीवर खोकं. तिनं हात हलवला नाही. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली.

सर रिकाम्या फलाटावर उभे राहिले. पाठीवर घामाचा ओला डाग, बाहीवर खडू. मग माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर समाधान होतं हो, देवाशप्पथ सांगते, समाधान होतं. एखाद्या पोराला अवघड गणित सुटावं तसं.

"म्याडम," ते म्हणाले, "बरोबर सांगितलं ना?"

वहिनी दुसरीकडं तोंड करून उभ्या होत्या.

"हाव सर," मी म्हटलं. "बरोबर सांगितलं."